आवाज येतो, पण फिरत नाही

घट बसायच्या आधी घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुऊन काढायचं, ही आपल्याकडची जुनी रीत. पूर्वी गोधड्यांचे गठ्ठे घेऊन बायका नदीवर, तळ्यावर जायच्या. आता तो सगळा भार वॉशिंग मशीनवर येतो. पाठोपाठ दिवाळीची साफसफाई निघते आणि पडदे, सोफ्याची कव्हरं, पायपुसणी एकेक करून मशीनच्या पोटात जातात. या महिना-दीड महिन्यात मशीन दुरुस्त करणाऱ्यांना उसंत नसते. तक्रारी नाना तऱ्हेच्या असतात, पण सगळ्यांत जास्त कानावर येते ती एकच : "दादा, कपडे धुतले जातात, पण ड्रायर फिरत नाही."

पुण्यात सिंहगड रस्त्याच्या भागात काम करणाऱ्या एका मेकॅनिकबरोबर या हंगामात फिरलो. मूळचा बार्शीकडचा, आयटीआयला इलेक्ट्रिशियनचा ट्रेड केलेला. आधी एका सर्व्हिस सेंटरला नोकरी, आता स्वतःचं काम. फोन आला की पत्ता विचारायच्या आधी तो तीन प्रश्न विचारतो. टबातलं पाणी पूर्ण गेलंय का? स्पिनला लावल्यावर काही आवाज येतो का? आणि प्लग काढून टब हाताने फिरवला तर मोकळा फिरतो का?

या तीन उत्तरांवर त्याच्या पिशवीत काय जाणार ते ठरतं. पाणी गेलेलं नसेल तर दुखणं स्पिनचं नाहीच, निचऱ्याचं आहे. पाणी गेलंय, 'घूं' आवाज येतोय, टबही मोकळा आहे, तर बहुतेक वेळा कपॅसिटर. आवाज येतो पण टब हाताला जड लागतो, तर ब्रेक चिकटलाय किंवा खाली काहीतरी अडकलंय. आवाजच नाही, तर झाकणाचा स्विच, टायमर, तुटलेली वायर किंवा जळालेली मोटर. "स्पिन हे मशीनचं शेवटचं काम," तो म्हणतो. "आधीचं एक जरी राहिलं, तरी ते फिरत नाही. लोक मात्र पहिल्यांदा मोटरच धरतात."

काकूंचा सेमी

पहिलं घर एका जुन्या सोसायटीत, तिसऱ्या मजल्यावर. ड्राय बाल्कनीत सेमी-ऑटोमॅटिक मशीन. एका बाजूला धुवायचा टब, दुसऱ्या बाजूला ड्रायर. या मशीनमध्ये दोन वेगळ्या मोटरी असतात, त्यामुळे धुणं व्यवस्थित चालू राहून ड्रायर मात्र बंद पडू शकतो. काकूंनी सांगितलं, की गेले काही दिवस ड्रायर हळूहळू सुरू व्हायचा. मग त्या बोटाने ढकलून तो चालू करायला लागल्या. मेकॅनिक माझ्याकडे बघून हसला. निदान तिथेच झालं होतं.

तरी त्याने घाई केली नाही. प्लग काढला, झाकणाची तार एका हाताने ओढून धरली आणि दुसऱ्या हाताने ड्रायरचा टब फिरवला. टब सहज फिरला, म्हणजे ब्रेक सुटत होता. ही बारीक तार ड्रायरच्या झाकणाला जोडलेली असते. झाकण बंद केलं की ती ताणली जाते आणि खालच्या मोटरवरचा ब्रेक सुटतो. झाकण उघडलं की तार सैल पडते आणि ब्रेक लागतो. ही तार वाढली, तुटली किंवा झाकणाचा प्लास्टिकचा कान मोडला, की झाकण लावूनही ब्रेक लागलेलाच राहतो. मोटर जोर लावते, तापते आणि लक्ष दिलं नाही तर जळते. तारेचा ताण नीट करायला पाच मिनिटं लागतात. त्याच पाच मिनिटांच्या कामासाठी मोटर बदललेली मशीन आपण पाहिल्याचं त्याने सांगितलं.

मग त्याने मशीन भिंतीपासून ओढलं आणि मागचं पॅनेल उघडलं. आत धूळ, पावडरीचे पांढरे ओघळ, एक गंजलेला क्लिप आणि स्क्रूने बसवलेला काळा डबा : कपॅसिटर. मशीन बंद असलं तरी या डब्यात वीज साठलेली असू शकते, म्हणून त्याने आधी टेस्ट लॅम्पची दोन टोकं त्याच्या वायरींना टेकवली आणि मगच हात लावला. डब्यावर धुण्याच्या मोटरसाठी १० आणि स्पिनच्या मोटरसाठी ५ मायक्रोफॅरड असं छापलेलं. मीटरवर स्पिनच्या बाजूला जेमतेम २ दिसले.

घरात येणारी वीज सिंगल फेजची. तिने मोटरमध्ये चुंबकीय क्षेत्र मागेपुढे होतं, पण गोल फिरत नाही. म्हणून मोटरला दुसरी वाइंडिंग देतात आणि कपॅसिटर तिच्यातला प्रवाह थोडा पुढे काढतो. त्या फरकातून फिरवणारा जोर तयार होतो. कपॅसिटर अशक्त झाला, की मोटर वीज खाते, घूं करते आणि उभी राहते. झोपाळ्यावर बसलेल्या माणसाला कुणी पहिला धक्का दिला नाही तर होतं, तसं. काकूंचं बोट तो धक्का देत होतं. पण फिरत्या टबात बोट घालणं म्हणजे संकटाला आमंत्रण, हे त्याने त्यांना जरा करड्या आवाजात सांगितलं.

नवा कपॅसिटर बसला, ड्रायर पहिल्या झटक्यात पळाला. वस्तूची किंमत दीडशे-दोनशेच्या घरातली. त्याने सगळे मिळून पाचशे मागितले.

"अरे, एवढ्याशा डबीचे पाचशे?" काकू म्हणाल्या.

"डबीचे नाहीत काकू, कुठली डबी ते शोधायचे," तो म्हणाला. शेवटी साडेचारशेवर मिटलं. चहा मात्र आग्रहाने मिळाला.

चारशे पटीचा खेळ

मशीन फिरायला नकार देतं, तेव्हा दर वेळी ते बिघडलेलं असतंच असं नाही. बऱ्याचदा त्याला न फिरण्याचं कारण असतं. ते समजायला स्पिनमध्ये किती जोर असतो, हे पाहायला हवं.

फ्रंट लोड मशीनचा ड्रम साधारण अर्धा मीटर रुंद असतो आणि मिनिटाला १२०० फेऱ्यांनी फिरतो. हिशेब केला तर ड्रमच्या कडेला असलेल्या कपड्यावर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ४०० पट जोर येतो. पाणी कपड्यातून निघून ड्रमच्या भोकांबाहेर जातं ते यामुळे. पण हाच जोर उलटतोही. एक किलोची ओली चादर गोळा होऊन ड्रमच्या एकाच बाजूला राहिली, तर बेअरिंगला फेरीगणिक ४०० किलो वजनाइतका हिसका बसतो. टॉप लोडचा वेग कमी, ७०० फेऱ्यांच्या आसपास. तरी जोर शंभर पटीच्या वर जातोच.

म्हणून कंपन्या आधीच तजवीज करतात. टॉप लोडच्या टबाच्या वरच्या काठाला जाड प्लास्टिकची कडी असते. तिच्यात मिठाचं पाणी भरलेलं असतं. टब फिरताना ते पाणी जड बाजूच्या समोर सरकतं आणि तोल सावरतं. फ्रंट लोडमध्ये काँक्रीटचे ठोकळे बसवलेले असतात. मशीन उचलताना पाठ धरते ती त्यांच्यामुळे. शिवाय टॉप लोडचा टब चार सस्पेन्शन रॉडवर लटकलेला असतो. रॉड सैल झाले की टब बाहेरच्या पत्र्यावर आपटायला लागतो.

एवढं करूनही भार एकाच बाजूला राहिला, तर मशीनचं कार्ड, म्हणजे आतला इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्ड, ते ओळखतं. ते पाणी घेऊन कपडे पुन्हा पसरून पाहतं, परत प्रयत्न करतं, आणि जमलं नाही तर थांबून कोड दाखवतं. बऱ्याच मशीनवर तो 'यूई' असतो. घरात वाटतं, मशीन बंद पडलं. खरं तर त्याने स्वतःला वाचवलेलं असतं. आत एकटी गोधडी किंवा एकटं जाड पायपुसणं असेल, तर हमखास असं होतं. गोधडीबरोबर दोन टॉवेल टाकावेत, नाहीतर तिला हाताने सोडवून गोल पसरावं. चादरीच्या पोटात बाकीचे कपडे शिरून बोचकं झालं असेल, तर ते सोडवावं. मशीनचे चारही पाय जमिनीला टेकलेत का, हे कोपऱ्यावर हात दाबून पाहावं. आपल्याकडे बाल्कनीला पाणी वाहून जावं म्हणून उतार दिलेला असतो, आणि मशीन नेमकं त्याच उतारावर उभं असतं.

उंबरठ्याचा अडथळा

दुसरं घर नव्या टॉवरमधलं. टॉप लोड, पूर्ण ऑटोमॅटिक. धुणं होतं, पाणी हळूहळू जातं, स्पिनच्या वेळी मशीन थांबतं. घरातल्या ताईंनी सांगितलं, की आधीच्या माणसाने कार्ड गेल्याचं सांगून काही हजारांचा अंदाज दिला होता.

मेकॅनिकने मशीनला हात लावायच्या आधी त्याच्या मागची नळी पाहिली. मशीन बाथरूमबाहेर होतं आणि निचऱ्याची नळी बाथरूमच्या उंबरठ्यावरून वर चढून आत उतरत होती. या मशीनला पाणी ढकलणारा पंप नव्हता. पाणी उताराने आपोआप जायचं होतं. उंबरठा चढून जायला ते तयार नव्हतं. टबात थोडं पाणी उरायचं आणि पाण्याची पातळी मोजणारा सेन्सर कार्डाला सांगायचा, की अजून पाणी आहे. पाणी असताना टब जोराने फिरवला तर मोटरवर भलताच भार येतो, म्हणून कार्ड स्पिन सुरूच करत नव्हतं. कार्ड ठणठणीत होतं.

अशा मशीनमध्ये ड्रेन मोटर नावाची छोटी मोटर असते. ती एका ओढीत दोन कामं करते : निचऱ्याचा व्हॉल्व्ह उघडते आणि क्लचचा दांडा ओढते. धुताना फक्त तळातली चकती फिरते, टब ब्रेकने धरलेला असतो; दांडा ओढला गेला की ब्रेक सुटतो आणि टब चकतीबरोबर फिरायला लागतो. ही मोटर गेली की पाणीही अडतं आणि स्पिनही. तक्रारी दोन, पार्ट एक.

पातळीचा सेन्सर काम करतो तो एका बारीक नळीतल्या हवेच्या दाबावर. त्या नळीत पावडरीचा चोथा बसला, ती निसटली किंवा उंदराने कुरतडली, तर सेन्सर खोटं सांगतो. उंदीर हे या धंद्यातलं मोठं गिऱ्हाईक. मशीन तळाला उघडं असतं, आत ऊब असते आणि वायरीही असतात. तळाला जाळी बसवून घेतली, तर पुढचे अनेक फोन वाचतात.

त्या घरी त्याने उंबरठ्याच्या कडेला आधीपासून असलेल्या भोकातून नळी काढली, आत साठलेला गाळ झटकला आणि स्पिन लावून दाखवला. पार्ट एकही नाही. ताईंनी विचारलं, "मग काय, नुसते व्हिजिटिंगचेच द्यायचे ना?" आधीच्या माणसाच्या हजारांना त्या तयार झाल्या होत्या. खरं कारण शोधणाऱ्याच्या तीनशेला हातचं राखून बघत होत्या.

फ्रंट लोड : खर्चाचा प्रश्न

फ्रंट लोडमध्ये स्पिन अडला, तर आधी खालच्या कोपऱ्यातलं छोटं झाकण उघडायचं. आत पंपाचा फिल्टर असतो. तो फिरवून काढण्याआधी खाली ताट ठेवायचं, कारण पाणी येतंच. त्यात नाणी, सेफ्टी पिना, केसांचे क्लिप, शर्टाची बटणं, विरघळलेली तिकिटं असं काहीही निघतं. हा फिल्टर वर्षानुवर्षं न उघडणारी घरं कमी नाहीत.

फिल्टर साफ असेल तर पुढे कार्बन ब्रश. जुन्या धाटणीच्या मोटरमध्ये कार्बनचे दोन तुकडे फिरत्या भागाला घासत वीज पोचवतात. झिजून आखूड झाले की ड्रम आधी रखडतो, मग थांबतो. जोडी काही शे रुपयांत मिळते. नव्या इन्व्हर्टर मोटरीत ब्रश नसतात; तिथे रोटर कुठे आहे ते सांगणारा हॉल सेन्सर गेला की मोटर एक-दोन झटके देऊन गप्प होते.

खरा खर्चाचा आजार बेअरिंगचा. स्पिनला विमान उडाल्यासारखी घरघर आणि ड्रममागून तपकिरी ओघळ, ही त्याची लक्षणं. सील गळतं, पाणी बेअरिंगमध्ये शिरतं, गंज चढतो. त्याच्याच शेजारी असतो 'स्पायडर', ड्रमला मागून धरणारा तीन हातांचा ॲल्युमिनियमचा तुकडा. जड पाणी आणि वर्षानुवर्षं साठलेली पावडर त्याला आतून पोखरतात. एक दिवस हात तुटतो आणि ड्रम वाकडा फिरतो. काही नव्या मशीनचा बाहेरचा टब दोन भाग कायमचे जोडून बनवलेला असतो, त्यामुळे बेअरिंगपर्यंत पोचायला तो कापावा लागतो किंवा पूर्ण टबच घ्यावा लागतो. इथे मेकॅनिक गिऱ्हाइकाला सरळ सांगतो : मशीन किती वर्षांचं, खर्च किती, नवं घ्यायचं का, तुम्ही ठरवा.

घर बदललेल्यांनी एक गोष्ट पाहावी. फ्रंट लोडच्या मागे वाहतुकीचे बोल्ट असतात. ते ड्रम पकडून ठेवतात. मशीन हलवताना ते लावायचे, नव्या घरी स्पिनला लावायच्या आधी काढायचे. राहिले तर पहिल्याच स्पिनला मशीन स्वयंपाकघरभर चालत सुटतं.

गावागणिक वेगळं दुखणं

एकच मशीन रत्नागिरीला वेगळं बिघडतं, बीडला वेगळं. कोकणात खारी, दमट हवा. पावसाळ्यात झाकणाच्या स्विचचे संपर्क आणि कार्डाचे टाके हिरवे पडतात, पत्रा तळातून गळतो. मराठवाड्यात बोअरचं जड पाणी. क्षार टबाच्या मागे थर धरतात. पावडर नीट फेसाळत नाही म्हणून माणसं जास्त घालतात. मग साबण कपड्यांत आणि टबात राहतो, आणि पुढे टँकरचं मऊ पाणी आलं की त्याच मापाला एवढा फेस होतो की स्पिनच्या वेळी टब फेसातच रुतून बसतो. हाताने कपडे धुण्याची पावडर मशीनला का चालत नाही, त्याचं उत्तर हेच.

विजेचा दाब हे आणखी एक कारण. आपल्याकडे घरगुती वीज २३० व्होल्टची. मोटरचा फिरवणारा जोर दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतो, म्हणजे १८० व्होल्टला तो जवळपास सहा दशांश उरतो. गावातले सगळे पंप चालू असताना ड्रायर घूं करून थांबतो आणि रात्री दहानंतर छान फिरतो, त्याचं कारण मशीनमध्ये शोधून सापडत नाही. तिथे स्टॅबिलायझर लागतो.

पार्टची गल्ली

दुपारी तो बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीकडे निघाला. मुंबईकरांना लॅमिंग्टन रोड, तशी पुण्याच्या इलेक्ट्रिकच्या माणसाला तपकीर गल्ली. काउंटरवर कंपनीचं नाव, मॉडेल आणि जुना पार्ट दाखवायचा, दुकानदार विचारतो, "ओरिजिनल की लोकल?" कपॅसिटर, टायमर, बेल्ट लोकल चालून जातो. सील आणि बेअरिंगमध्ये तो पैसे वाचवत नाही, कारण तिथे वाचवलेले दोनशे सहा महिन्यांनी पूर्ण मजुरीसकट परत द्यावे लागतात.

मशीनच्या उद्योगाशी महाराष्ट्र-गोव्याचं नातं जुनं आहे. रांजणगावला एलजीचा कारखाना आहे, गोव्यात वेर्ण्याला आयएफबीचा. तेव्हाच्या औरंगाबादजवळ चितेगावला व्हिडिओकॉनचा होता. ती कंपनी २०१८मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. पण तिचे सेमी अजून घराघरांत चालतात, आणि ते चालतात ते या असल्या गल्ल्यांच्या जिवावर. सेमीची रचना साधी, पार्ट एकमेकांना चालणारे. कंपनी गेली तरी मशीन मरत नाही.

कार्डाचं तसं नाही. एका मॉडेलचं कार्ड दुसऱ्याला चालत नाही, त्यावर बहुधा पारदर्शक रबरी लेप ओतलेला असतो. तो पाण्यापासून वाचवतो, पण दुरुस्तीलाही आडवा येतो. लेप खरवडून रिले किंवा ट्रायॅक बदलणारे कारागीर आहेत, पण कार्ड बदलणं सोपं, कमाईही जास्त. म्हणून शंका आली की "कार्ड गेलंय".

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२मध्ये 'राइट टू रिपेअर'साठी समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला त्याचं पोर्टल सुरू केलं. घरगुती उपकरणं त्यात आहेत. कंपन्यांनी पार्ट आणि दुरुस्तीची माहिती ग्राहकापर्यंत आणि बाहेरच्या कारागिरापर्यंत पोचवावी, हा त्यामागचा विचार. वॉरंटीत अडवणूक झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. आणि मशीन टाकायचीच वेळ आली, तर ते ई-कचऱ्याच्या नियमांत येतं. १ एप्रिल २०२३पासून लागू झालेल्या नियमांनी त्याची जबाबदारी उत्पादकावरही टाकली आहे.

कशाचे पैसे देतो आपण?

या फिरण्यात एक गोष्ट पुन्हापुन्हा दिसली. पार्ट बदलला की लोक पैसे देतात. पार्ट न बदलता मशीन चालू केलं की घासाघीस करतात. हातात जुना पार्ट दिसला की काम झाल्यासारखं वाटतं. मग जो कारागीर नळी सरळ करून किंवा तार ताणून काम भागवतो, तो तोट्यात, आणि जो सरसकट कार्ड बदलतो त्याचा धंदा चालतो. आपणच प्रामाणिक निदान महाग करून ठेवलंय. डॉक्टरने "औषधाची गरज नाही" म्हटलं तरी त्याची फी आपण कमी करत नाही.

फोन करण्याआधी घरात एवढं पाहावं : पाणी गेलंय का, नळी दुमडलीय किंवा उंबरठ्यावर चढलीय का, फिल्टर साफ आहे का, कपड्यांचं बोचकं झालंय का, झाकण टिक आवाज करून बसतंय का, मशीन सपाट उभं आहे का. ड्रायरमध्ये कपड्यांवर ठेवायची जाळी हरवली असेल तर नवी आणावी. मोजे आणि रुमाल टबाखाली उतरून दांड्याला गुंडाळतात ते ती नसल्यामुळे. मागचं पॅनेल मात्र उघडू नये, झाकणाच्या स्विचला दोरा बांधून मशीन फसवू नये आणि फिरता टब हाताने थांबवू नये. मेकॅनिकला कोड सांगावा, आवाज कसा होता, बिघाड एकदम झाला की हळूहळू, ते सांगावं. मशीन रोज लावणाऱ्या माणसाला हे नेमकं ठाऊक असतं. बहुतेक घरांत ती बाई असते आणि फोनवर बोलतो दुसराच कोणी.

आमच्या मेकॅनिकने यंदा बिलबुक नवं छापून घेतलंय. त्यात 'पार्ट' आणि 'मजुरी' यांच्या वर एक वेगळी ओळ आहे : 'तपासणी – ३०० रुपये'. मशीन नुसत्या नळीने चालू झालं तरी ती रक्कम लागते, आणि कार्ड बदललं तरी तेवढीच. काही गिऱ्हाइकं यामुळे तुटली, असं तो सांगतो. टिकली ती मात्र दुसऱ्यांना त्याचा नंबर देतात, कारण त्याने 'पार्ट लागेल' म्हटलं, तर तो खरंच लागतो.